गिटारची पेडल्स कोणत्या क्रमाने जोडावीत: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या वादकांसाठी

इलेक्ट्रिक गिटार हाती आल्यावर वर्ष-दोन वर्षांत बहुतेक वादकांकडे तीन-चार इफेक्ट्स पेडल्स, म्हणजे गिटार आणि ॲम्प यांच्यामध्ये जोडून आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्या, जमतात: आवाज फाटल्यासारखा करणारे एक ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन, प्रतिध्वनी देणारा एक डिले, एक ट्यूनर आणि जुन्यात बऱ्या भावाने मिळालेले एखादे कोरस नाहीतर वा. ती कोणत्या क्रमाने जोडायची याची एक ठरीव यादी सर्वत्र मिळते (साधारणपणे ट्यूनर, वा, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह-डिस्टॉर्शन, मग कोरस-फेझर, डिले आणि शेवटी घुमारा देणारा रिव्हर्ब) आणि ती बहुतांशी बरोबरही असते. परंतु यादीमागचे कारण ठाऊक नसेल, तर यादीत नसलेले पेडल समोर आले की वादक पुन्हा अडतो, आणि जिथे यादी मुद्दाम मोडल्याने उत्तम आवाज निघतो त्या जागा त्याला कधी सापडतच नाहीत. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये हळू आवाजात पेडल्स जुळवायची आणि मग तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या जॅम रूममध्ये मोठ्या आवाजात ती पारखायची, असे करत करत मला जे उमगले ते इथे क्रमवार मांडत आहे.

क्रमाचा जवळजवळ प्रत्येक प्रश्न शेवटी एकाच प्रश्नावर येऊन ठेपतो: हे पेडल डिस्टॉर्शनच्या आधी असावे की नंतर? बाकीचे सगळे तपशील या एका प्रश्नाभोवती बसवता येतात. मात्र त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी विजेची बाजू नीट लावून घेणे आवश्यक आहे, कारण नवख्यांची पेडल्स बिघडतात ती क्रम चुकल्यामुळे नव्हे, तर चुकीच्या अडॉप्टरमुळे.

१. साहित्य आणि कागदपत्रे जमवा

- सुमारे तीन-तीन मीटरच्या दोन शिल्डेड केबल: एक गिटारपासून पहिल्या पेडलपर्यंत, दुसरी शेवटच्या पेडलपासून ॲम्पपर्यंत. हिच्या टोकाच्या ६.३५ मिमी पिनेला आपल्याकडच्या दुकानांत पी-३८ म्हणतात. मागताना मोनो मागावी. स्पीकरची जाड वायर पिनेला जोडून वापरू नये, तिला शिल्ड नसते आणि ती घरघर पकडते.
- जितकी पेडल्स तितक्या छोट्या पॅच केबल. यात एक आपोआप जादा राहते आणि ती कधी ना कधी उपयोगी पडतेच.
- पेडल्ससाठीचा ९ व्होल्ट डीसी पुरवठा, शक्यतो प्रत्येक आउटपुट वेगळा, म्हणजे आयसोलेटेड, असलेला.
- साधा डिजिटल मल्टिमीटर.
- वही, पेन्सिल आणि नॉबच्या खुणा करण्यासाठी कागदी चिकटपट्टी.
- शक्य असल्यास लूपर, म्हणजे वाजवलेला तुकडा साठवून पुन्हा पुन्हा ऐकवणारे पेडल. त्याचा उपयोग पुढे सविस्तर सांगितला आहे.

पिना, केबल, सोल्डर आणि स्विच यांसाठी लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, अजूनही सर्वांत सोयीचा आहे. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे. पेडल दुकानातून घेताना स्वतःची गिटार सोबत न्यावी, कारण दुकानातल्या गिटारच्या दुसऱ्याच पिकअपवर (तारांचे कंपन टिपणाऱ्या भागावर) ऐकलेला आवाज घरी तसाच निघेल याची खात्री नसते.

बिल, वॉरंटी कार्ड आणि मूळ अडॉप्टर एकत्र ठेवावेत. परदेशातून पेडल मागवायचे असेल, तर कुरिअर कंपनी केवायसीसाठी आधार किंवा पॅन यांसारखे ओळखपत्र मागते आणि सीमाशुल्क व जीएसटी वेगळा पडतो, तेव्हा ही रक्कम आधीच हिशेबात धरावी. जुने पेडल घेताना प्रत्येक नॉब पूर्ण फिरवून खरखर येते का ते ऐकावे, फूटस्विच सलग दहा-बारा वेळा दाबून पाहावा आणि बॅटरीचा कप्पा उघडून आत हिरवट गंज नाही ना याची खात्री करावी.

२. अडॉप्टर लावण्यापूर्वी ध्रुव तपासा

बहुसंख्य पेडल्सना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि त्यांच्या अडॉप्टरच्या गोल पिनेचा मध्यभाग ऋण, तर बाहेरचा भाग धन असतो. आता अडचण अशी की घरातल्या राउटरचे, सीसीटीव्हीचे आणि एलईडी पट्टीचे अडॉप्टरही बहुधा याच मापाचे, म्हणजे बाहेरून ५.५ मिमी आणि आतून २.१ मिमी, असतात. पण ते साधारणपणे १२ व्होल्टचे असतात आणि त्यांचा मध्यभाग धन असतो. पिन बसली म्हणजे अडॉप्टर चालणार, असे समजून तो लावला तर पेडल क्षणात निकामी होऊ शकते.

अडॉप्टरवर वर्तुळाची एक छोटी आकृती छापलेली असते, तिच्यात मधल्या ठिपक्याला वजाचे चिन्ह जोडलेले आहे का ते पाहावे. आकृती पुसली गेली असेल तर मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून लाल टोक पिनेच्या आतल्या भोकात आणि काळे टोक बाहेरच्या धातूला लावावे. आकडा वजा ९ च्या आसपास आला तर अडॉप्टर योग्य आहे.

व्होल्ट जुळलेच पाहिजेत. मिलिॲम्पिअर मात्र पुरवठ्याचे जास्त असले तरी चालतात, कारण पेडल स्वतःला लागेल तेवढाच प्रवाह ओढते. साध्या ॲनालॉग ओव्हरड्राइव्हला जेमतेम काही मिलिॲम्पिअर पुरतात, परंतु डिजिटल डिले किंवा रिव्हर्बला शंभर ते तीनशेपर्यंत लागू शकतात. प्रत्येक पेडलचा आकडा वहीत लिहून बेरीज करावी आणि तिच्यापेक्षा निदान पाव पट अधिक क्षमतेचा पुरवठा घ्यावा. एकाच अडॉप्टरवरून फाटे काढून सगळी पेडल्स चालवली, तर डिजिटल पेडलच्या आतल्या घड्याळाची बारीक शिट्टी इतरांत उतरते. अशा वेळी निदान डिजिटल पेडलला तरी स्वतंत्र आउटपुट द्यावा. जुन्या धर्तीच्या जर्मेनियम फझमध्ये (फझ हाही डिस्टॉर्शनसारखाच प्रकार) बरेचदा धन बाजू ग्राउंडला जोडलेली असते. ते इतरांसोबत एका फाट्यावर लावले तर पुरवठ्याचे शॉर्ट सर्किट होते, म्हणून त्याला बॅटरी किंवा वेगळा आउटपुटच हवा.

बॅटरीवर चालणाऱ्या पेडलची इनपुटमधली पिन हाच त्याचा चालू-बंदचा स्विच असतो. रियाज संपल्यावर ती पिन काढली नाही, तर पेडल बंद दिसत असूनही बॅटरी रात्रभर उतरत राहते.

३. अर्थिंग पाहून घ्या

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी गाळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गिटारच्या तारा ब्रिजमधून आणि केबलच्या शिल्डमधून थेट ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. आपल्याकडे २३० व्होल्टचा पुरवठा आहे, आणि अर्थिंग तुटलेले असताना ॲम्पमध्ये बिघाड झाला तर तो प्रवाह तारांवर येऊ शकतो. ॲम्पच्या प्लगची तिसरी, जाड पिन कधीही कापू नये आणि दोन पिनांच्या जोडावर तीन पिनांचा प्लग अडकवू नये. इमारत जुनी असेल, मग ती नौपाड्यातली असो वा वाशीतली, तर एकदा इलेक्ट्रिशियनला बोलावून प्लगमधले अर्थिंग मोजून घ्यावे. तारांना हात लावताना झिणझिण्या आल्या तर वादन तिथेच थांबवावे.

घरघर ऐकू येऊ लागली की सर्वांत आधी गिटार गळ्यात घेऊन जागच्या जागी सावकाश फिरून पाहावे. फिरताना घरघर कमी-जास्त होत असेल, तर पिकअप ती हवेतून पकडतो आहे आणि पेडल्सचा क्रम बदलून ती जाणार नाही. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, जुनी ट्यूबलाइट आणि एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर हे नेहमीचे कारण असते, आणि एका गुंडाळीच्या सिंगल कॉइल पिकअपला त्याचा त्रास दोन गुंडाळ्यांच्या हंबकरपेक्षा अधिक होतो.

४. आधी फक्त गिटार आणि ॲम्प ऐका

पेडल्स जोडण्यापूर्वी गिटार सरळ ॲम्पला लावावी, ॲम्प क्लीनवर, म्हणजे न फाटलेल्या स्वच्छ आवाजावर, ठेवावा आणि ट्रेबल, मिडल, बेस असे करावे की काही न जोडताही वाजवावेसे वाटेल. मग एक-एक पेडल स्वतंत्रपणे, बाकी कोणतेही न लावता ऐकावे. पेडल बंद असतानाही आवाज मंद किंवा बोथट होत असेल तर ते याच टप्प्यावर लक्षात येते. पुढे सहा पेडल्सच्या रांगेत दोषी कोण हे शोधणे फार जिकिरीचे होते. चालू करताना ॲम्प सर्वांत शेवटी चालू करावा आणि बंद करताना सर्वांत आधी बंद करावा, म्हणजे स्पीकरला धक्का बसत नाही.

५. डिस्टॉर्शनला मध्यबिंदू मानून विचार करा

ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ ही तिन्ही प्रकारची पेडल्स ध्वनिलहरीचे माथे कमी-अधिक प्रमाणात कापतात. माथा कापला गेला की मूळ स्वरात नसलेल्या कंपनसंख्या निर्माण होतात. एकच स्वर वाजत असेल तर त्याचे नवे उपस्वर तयार होतात, आणि दोन स्वर एकत्र वाजत असतील तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही उमटतात. पाचवी तार मोकळी छेडली की ११० हर्ट्झचा ए मिळतो, चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर सुमारे १६५ हर्ट्झचा ई मिळतो. हे दोन्ही एकत्र डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या फरकाचा ५५ हर्ट्झ, म्हणजे एक सप्तक खालचा ए, त्यात मिसळतो. पॉवर कॉर्ड भरदार वाटते ती यामुळे. त्याऐवजी ११० हर्ट्झसोबत १३८.६ हर्ट्झचा सी शार्प वाजवला, तर फरक २८.६ हर्ट्झचा येतो, आणि तो दोन सप्तके खालच्या २७.५ हर्ट्झच्या ए वर नेमका बसत नाही. म्हणूनच जास्त गेनवर, म्हणजे माथे अधिक कापले जात असताना, पूर्ण मेजर कॉर्ड गढूळ वाटते.

इक्वलायझर, डिले आणि रिव्हर्ब असे काही करत नाहीत. ते असलेल्या कंपनसंख्या वर-खाली करतात किंवा उशिराने पुन्हा ऐकवतात. त्यामुळे त्यांची आपसात अदलाबदल केली तर कानाला फारच थोडा फरक पडतो. कोरस, फेझर आणि फ्लँजर यांच्या बाबतीत फरक थोडा अधिक असतो, परंतु तोही सौम्यच. डिस्टॉर्शनच्या अलीकडून पलीकडे गेलेले पेडल मात्र पूर्णपणे वेगळे वागते. याचा अर्थ असा की डिले आधी की रिव्हर्ब आधी या वादात वेळ घालवण्यापेक्षा, ते दोन्ही डिस्टॉर्शनच्या कोणत्या बाजूला आहेत याकडे लक्ष द्यावे.

हे स्वतःच्या कानाने पटवून घेण्यासाठी बूस्ट किंवा इक्वलायझर पेडल घ्यावे आणि त्याचा लेव्हल थोडा वाढवून ते आधी डिस्टॉर्शनच्या पुढे, म्हणजे गिटारच्या बाजूला, आणि मग मागे, म्हणजे ॲम्पच्या बाजूला, लावून पाहावे. पुढे लावले असता आवाजाची पातळी फारशी वाढत नाही, पण माथे अधिक कापले जाऊन गेन आणि सस्टेन, म्हणजे स्वर टिकून राहणे, वाढतो. मागे लावले असता पोत तसाच राहतो आणि केवळ आवाज मोठा होतो. सोलो वाजवताना बँडमधून उठून दिसायचे असेल तर बूस्ट मागे हवा. अनेकांनी तो पुढे लावलेला असतो आणि सोलो का बुडतो ते त्यांना कळत नाही.

दोन ड्राइव्ह पेडल्स एकामागोमाग लावतानाही हाच हिशेब आहे. कमी गेनचे ओव्हरड्राइव्ह जास्त गेनच्या डिस्टॉर्शनपुढे ठेवले तर ते डिस्टॉर्शनला ढकलते. उलट ठेवले तर डिस्टॉर्शनचा आवाज ओव्हरड्राइव्हच्या स्वभावानुसार गाळला जातो. आयबानेझ कंपनीचे ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह जड गेनच्या ॲम्पपुढे ड्राइव्ह अगदी कमी आणि लेव्हल भरपूर ठेवून वापरण्याची जी पद्धत आहे, तिचे रहस्य हेच आहे. त्याच्या सर्किटमध्ये सुमारे ७२० हर्ट्झखालच्या स्वरांना कापणीच्या टप्प्यात कमी गेन मिळतो, त्यामुळे ॲम्पपर्यंत पोचणारा खर्ज आटोपशीर होतो आणि खालच्या तारांवरची वेगवान रिफ चिखल न होता सुटी-सुटी ऐकू येते. १९७८ पासून बाजारात असलेले बॉस कंपनीचे डीएस-१ हे डिस्टॉर्शन ज्यांच्याकडे आहे, त्यांनी त्याच्यापुढे एखादे मवाळ ओव्हरड्राइव्ह लावून हा प्रयोग जरूर करावा.

६. डिस्टॉर्शनच्या आधी ठेवायची पेडल्स

ट्यूनर सर्वांत पुढे ठेवावा, कारण त्याला स्वच्छ स्वर लागतो. ऑक्टेव्ह आणि पिच बदलणारी पेडल्सही याच कारणासाठी पुढे शोभतात. डिस्टॉर्शनने उपस्वरांची गर्दी केल्यावर त्यांना मूळ स्वर ओळखणे जड जाते.

कॉम्प्रेसर पुढे ठेवला की प्रत्येक स्वर सारख्या जोराने डिस्टॉर्शनमध्ये शिरतो. मागे ठेवला तर त्याला फारसे काम उरत नाही, कारण माथे कापणे हे स्वतःच एक दाबणे आहे. तो तिथे मुख्यतः स्वरांमधली हिस्स वर आणतो.

वा मात्र दोन्हीकडे ऐकण्याजोगे आहे. ते एका अरुंद पट्ट्याला उठाव देते आणि पायाच्या हालचालीबरोबर तो पट्टा साधारण ४५० हर्ट्झपासून दीड-दोन हजार हर्ट्झपर्यंत सरकवते. डिस्टॉर्शनपुढे ठेवले तर कोणता भाग अधिक कापला जाईल ते वा ठरवते आणि आवाज माणसाच्या उच्चारासारखा लवचिक राहतो. मागे ठेवले तर उपस्वरांनी भरलेल्या आवाजातून तो पट्टा धारदारपणे फिरतो आणि परिणाम सिंथेसायझरकडे झुकतो. फेझरचेही तसेच. एमएक्सआर कंपनीने १९७४ मध्ये आणलेले फेझ ९० हे फेझर गिटारवादक एडी व्हॅन हेलन ॲम्पच्या इनपुटपुढेच वापरत असे, म्हणजे फेझर आधी आणि ॲम्पचे डिस्टॉर्शन नंतर. ठरीव यादीत फेझर मागे असतो. दोन्ही ऐकून स्वतःचे मत बनवावे. माझे मत विचाराल तर कोरस मागे आणि फेझर पुढे, असेच मला आवडते.

७. फझ आणि बफर: जिथे यादी फसते

इथपर्यंतचा विचार केवळ आवाजाच्या घडणीचा होता. फझच्या बाबतीत मात्र इम्पीडन्सचा, म्हणजे सिग्नलच्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा, प्रश्न येतो आणि तो समजला नाही तर महागडे पेडलही वाईट वाटते.

सर्वसाधारण पेडलचे इनपुट इम्पीडन्स पाच लाख ते दहा लाख ओहम असते, त्यामुळे ते पिकअपवर भार टाकत नाही. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये आलेले फझ फेस आणि त्याच्या घराण्यातली पेडल्स अवघ्या दोन ट्रान्झिस्टरची असतात आणि त्यांचे इनपुट इम्पीडन्स फारच कमी असते. ती पिकअपला जणू सर्किटचाच एक भाग करून घेतात, आणि म्हणूनच गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की त्यांचा आवाज सुंदर रीतीने स्वच्छ होत जातो. मध्ये बफर, म्हणजे पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे जोमाने पाठवणारे छोटे सर्किट, आला की हा संबंध तुटतो, फझ कर्कश होतो आणि व्हॉल्यूमने साफ होईनासा होतो. बॉसची बहुतेक पेडल्स बंद असतानाही आत बफर चालू ठेवतात. तेव्हा अशा फझपुढे बॉसचा ट्यूनर लावला, तर ‘ट्यूनर सर्वांत पुढे’ या नियमाप्रमाणे क्रम बरोबर असूनही आवाज बिघडतो. या बाबतीत फझ सर्वांत पुढे आणि ट्यूनर त्याच्या मागे, हाच उपाय. मात्र सगळ्याच फझचा असा हट्ट नसतो. बिग मफ नावाचे फझ बफरनंतरही नीट चालते.

जुन्या धर्तीचे वा अशा फझपुढे ठेवले तर वाची फिरकी जवळजवळ नाहीशी होते किंवा शिट्टी वाजते, कारण फझ त्याच्या आउटपुटवर भार टाकतो. जिमी हेंड्रिक्सच्या मांडणीत वा, मग फझ, मग युनि-व्हाइब (फेझरसारखे पेडल) असा क्रम होता हे खरे, पण आजच्या प्रत्येक वा-फझ जोडीला तो मानवतोच असे नाही. वा फझच्या मागे नेऊन पाहावे, किंवा दोहोंच्या मध्ये छोटा बफर ठेवून थोडी तडजोड स्वीकारावी. जर्मेनियम ट्रान्झिस्टरची गळती उष्णतेने वाढते, त्यामुळे जानेवारीत जुळवलेला फझ मे महिन्याच्या उकाड्यात वेगळा वाजला तर पेडल बिघडले असे समजू नये. ठाण्याच्या हवेत नवख्याने पहिला फझ सिलिकॉनचाच घ्यावा, असे माझे मत आहे.

फझ सोडला तर बफर हा मित्रच आहे. गिटार केबलची विद्युत धारणक्षमता (कपॅसिटन्स) साधारण दर मीटरला १०० पिकोफॅरड असते. दोन्ही बाजूंच्या तीन-तीन मीटर केबल आणि पॅच धरून सहा-सात मीटर झाले की पॅसिव्ह पिकअपचे वरचे स्वर मंदावू लागतात. ट्रू बायपास पेडल्स बंद असताना केवळ तारेसारखी असल्याने हा तोटा भरून काढत नाहीत. सगळीच पेडल्स ट्रू बायपास असतील, तर रांगेत पुढे कुठेतरी एक बफर असलेले पेडल असणे हिताचे.

८. डिस्टॉर्शनच्या मागे काय आणि लूप कुठे

नॉइज गेट, म्हणजे वादन थांबले की उरलेली घरघर तोडणारे पेडल, डिस्टॉर्शनच्या लगेच मागे पण डिलेच्या पुढे असावा, नाहीतर तो डिलेचे विरत जाणारे प्रतिध्वनी मध्येच तोडतो. व्हॉल्यूम पेडल डिस्टॉर्शनपुढे ठेवले तर ते गेनचा नॉब होते, मागे ठेवले तर आवाजाचा. डिलेच्या अगदी पुढे ठेवले तर पाय उचलल्यावरही आधीचे प्रतिध्वनी सावकाश विरत राहतात. पॅसिव्ह व्हॉल्यूम पेडल घेताना २५० किलोओहमचे थेट गिटारनंतर आणि २५ किलोओहमचे बफरनंतर, हे पाहून घ्यावे.

डिले डिस्टॉर्शनपुढे ठेवला तर प्रतिध्वनी आणि नवे स्वर एकत्रच कापले जातात, त्यांच्या बेरजा-वजाबाक्या होतात आणि विरत जाणारे प्रतिध्वनीही दाबले जाऊन वर येतात. परिणामी सगळे एकमेकांत कालवले जाते. एखाद्या संथ, धूसर तुकड्यासाठी ते सुंदर असते, पण रोजच्या वादनासाठी डिले मागेच बरा. डिलेचा काळ लयीशी जुळवण्यासाठी ६०,००० ला टेम्पोने भागावे: १२० च्या टेम्पोला एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते आणि तिचा पाऊण भाग, म्हणजे डॉटेड एट्थ, ३७५ मिलिसेकंदांचा.

इथे एक सापळा आहे. डिस्टॉर्शन पेडलचे नसून ॲम्पच्याच गेनचे असेल, तर पेडल्सच्या रांगेत शेवटी ठेवलेला डिलेही प्रत्यक्षात डिस्टॉर्शनच्या आधीच येतो. ॲम्पच्या मागे सेंड आणि रिटर्न अशा दोन जागा असतील, तर सेंडमधून डिलेच्या इनपुटला आणि डिलेच्या आउटपुटमधून रिटर्नला केबल लावावी. या जोडीलाच लूप म्हणतात आणि ती ॲम्पच्या गेननंतर येते. घरगुती छोट्या ॲम्पना बहुधा असा लूप नसतो. तिथे ॲम्प क्लीन ठेवून डिस्टॉर्शन पेडलनेच करावे.

९. एका वेळी एकच बदल करा

लूपर असेल तर तो प्रयोगापुरता सर्वांत पुढे, थेट गिटारनंतर लावावा, त्यात आठ मात्रांचा एक तुकडा भरावा आणि तो फिरत ठेवावा. आता दोन्ही हात मोकळे होतात, वाजवण्यातला फरक मध्ये येत नाही आणि तोच तुकडा वेगवेगळ्या क्रमांतून ऐकता येतो. तुकड्यात एकेरी स्वर, पॉवर कॉर्ड आणि एक पूर्ण कॉर्ड असे तिन्ही असावेत. नाजूक फझ तपासताना मात्र लूपर काढून ठेवावा, कारण त्याच्यातही बफर असतो.

प्रत्येक वेळी शेजारच्या दोनच पेडल्सची अदलाबदल करावी आणि क्रम, नॉबची स्थिती व ऐकलेला फरक वहीत लिहावा. तुलना करताना दोन्ही मांडण्यांचा आवाज समान पातळीवर आणणे अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण थोडा मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो आणि निर्णय चुकतो. ज्यांच्याकडे मल्टी-इफेक्ट्स, म्हणजे आपल्याकडे सर्रास म्हणतात तो प्रोसेसर, आहे त्यांना पडद्यावरच क्रम बदलता येतो. नवी पेडल्स विकत घेण्यापूर्वी त्यावर सराव करणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. मात्र फझ आणि बफरचा वरचा प्रश्न त्यात दिसत नाही.

निवासी भागासाठी ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र दहाला सुरू होते. तेवढ्या हळू आवाजात कानाला खर्ज आणि तीव्र स्वर दोन्ही कमी ऐकू येतात, म्हणून आपण ते नकळत वाढवतो. तीच मांडणी जॅम रूममध्ये ड्रमसोबत लावली की खर्ज घुमतो, टिपेचे स्वर टोचतात आणि मधले स्वर हरवतात. घरी ठरलेला क्रम तसाच ठेवावा, पण इक्वलायझेशन तिथे पहिल्या दहा मिनिटांत पुन्हा जुळवावे. बेस आणि ट्रेबल कमी, मिडल थोडा जास्त, तसेच घरापेक्षा गेन आणि रिव्हर्ब दोन्ही कमी, येथून सुरुवात करावी.

१०. बोर्ड आणि पावसाळा

क्रम किमान काही आठवडे स्थिर राहिला, तरच पेडल्स बोर्डवर पक्की करावीत. तयार बोर्ड महाग वाटत असेल, तर स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्या कारागिराकडून दोन फूट बाय एक फूट मापाची, मध्ये फटी असलेली ॲल्युमिनियमची चौकट करून घ्यावी. केबल फटींमधून खाली जातात आणि प्लायवुडच्या मानाने वजन बरेच कमी राहते, जे ट्रान्स-हार्बरच्या गाडीतून ठाण्याहून वाशीला जाताना खांद्याला जाणवते. सर्वांत जास्त वापरली जाणारी पेडल्स पायाजवळच्या ओळीत असावीत. सिग्नलचा क्रम आणि जागेचा क्रम एकच असण्याची गरज नाही, त्यासाठी एखादी पॅच केबल लांब लागली तरी चालेल. विजेच्या आणि सिग्नलच्या तारा समांतर बांधू नयेत, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडाव्यात.

जून ते सप्टेंबर या काळात खाडीकाठच्या दमट हवेत वेल्क्रोचा गोंद सुटतो आणि जॅकच्या पात्यांवर गंजाचा थर चढतो. पेडल्स झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत, आतल्या बॅटऱ्या काढून घ्याव्यात आणि पुड्या भिजल्या की बदलाव्यात. आवाज मध्येच तुटू लागला तर पेडल उघडण्याआधी प्रत्येक जॅकमध्ये पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर करावी, त्यानेही भागले नाही तर पिनेवर थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तेच पुन्हा करावे, आणि मग पॅच केबल एकेक करून बदलून पाहाव्यात.